नाना, त्या खोलीत मला का येऊ दिलं नाही

नाना,

काल तुमचं तेरावं झालं. त्याआधी शुक्रवारी कॉलेजात शोकसभा होती. मी जळगावहून सकाळच्या एसटीनं आले आणि मागच्या रांगेत बसले. तुम्ही किती वर्षं शिकवलं, किती मुलं हाताखालून गेली, वर्गात शिस्त कशी होती, हे सगळं सांगून झालं. मग एकजण म्हणाले, "नानांनी आपल्या धुळ्यात बसून कोळशापासून धागा तयार केला." मी दचकून पुढच्या रांगेकडे बघितलं. वाटलं, आता तुम्ही उठणार, चष्मा कपाळावर ढकलणार आणि म्हणणार, "कोळशापासून नाही हो, वाफेपासून." कोणी उठलं नाही. मग सगळे दोन मिनिटं उभे राहिले.

मलाही बोलायला सांगत होते. मी नको म्हटलं. ज्या खोलीत तुम्ही तो धागा वाढवलात तिच्या दाराबाहेर मी दीड वर्ष स्टुलावर बसून काढलं, आणि त्या स्टुलावरून उठले ती पाच वर्षं तुमच्याशी बोलले नाही, हे माइकसमोर कसं सांगायचं? म्हणून इथे लिहिते. तुम्हालाच लिहिते. तुमच्यावर रागावायचं राहिलंय, आणि तुमचे आभार मानायचेही राहिलेत. दोन्ही एकदमच येतायत, त्याला माझा इलाज नाही.

ब्याऐंशी साली मी पाचोऱ्याहून येऊन आपल्या कॉलेजात फिजिक्सला लागले. तिसऱ्या की चौथ्या दिवशी तुम्ही आमच्या प्रयोगशाळेच्या दारात उभे होतात. शर्टावर आम्लाची भोकं, हातात रबरी नळीचं वेटोळं.

"तुमच्याकडे मोठा डिमरस्टॅट आहे ना? भट्टीची वीज कमीजास्त करायला पाहिजे. आजच्या दिवस द्या."

"विभागप्रमुखांची सही लागेल, सर."

"ते रजेवर आहेत."

"मग मला देता येणार नाही."

तुम्ही नळीचं वेटोळं खांद्यावर टाकलंत. "बरोबर आहे. वस्तू देता येत नसेल तर तुम्ही वस्तूबरोबर चला. म्हणजे ती तुमच्याच ताब्यात राहील."

आणि मी खरंच गेले. शिपाई डिमरस्टॅट उचलून पुढे, मागून मी. तुमचे वडील सोनगीरचे तांबट, तांब्याची भांडी घडवण्यात त्यांचा जन्म गेला, हे मला नंतर कळलं. पण त्या दिवशी एवढं दिसलं की ह्या माणसाला विस्तवाची भीती नाही. भट्टीच्या तोंडातला रंग बघून तुम्ही म्हणालात, "नऊशे ऐंशी असेल." मी थर्मोकपल लावून मोजलं. नऊशे सत्तर भरलं. तुम्ही चुकलात म्हणून तुम्हाला वाईट वाटलं आणि मी थक्क झाले.

केमिस्ट्रीच्या मागे ती खोली होती. पूर्वी तिथे बर्नरसाठी पेट्रोल गॅसचा प्लँट असायचा, तो बंद पडल्यावर खोली तुम्हाला मिळाली. एक दार, उत्तरेला एक खिडकी. खिडकी कायम बंद. उघडली की वाऱ्याबरोबर धूळ आत यायची आणि भट्टीच्या नळीच्या तोंडाशी थंड झोत लागायचा.

तुम्ही मला पहिल्यांदा समजावलंत ते मी आजही माझ्या विद्यार्थ्यांना तसंच सांगते. दिव्यावर वाटी धरली की काजळी धरते. तेलाच्या वाफेतला कार्बन सुटतो आणि वाटीला चिकटतो, पण विस्कटून. त्याला कोणी रांग लावलेली नसते. आता तीच वाफ हवा नसलेल्या तापत्या नळीतून न्यायची, आणि वाटेत लोखंडाचे अगदी बारीक कण ठेवायचे, डोळ्यांना न दिसणारे. लोखंडाचा कण कार्बन पोटात घेतो, पोट भरलं की एका बाजूनं बाहेर टाकतो. पुन्हा घेतो, पुन्हा टाकतो. असं करत करत त्या कणातून एक केस वाढत जातो. केसाहून बारीक, आणि तेवढ्याच जाडीच्या पोलादी तारेपेक्षा जास्त ताण सोसणारा.

"वाढतो," तुम्ही म्हणालात. "बनवत नाही आपण. आपण फक्त वाफ द्यायची आणि गडबड करायची नाही."

गडबड न करणं हेच सगळ्यात अवघड होतं. जस्त आणि आम्लापासून हायड्रोजन करायचा, तो वाळवायचा, बेंझिनच्या बाटलीतून बुडबुडे काढत न्यायचा म्हणजे तो बेंझिनची वाफ घेऊन नळीत जातो. मिनिटाला किती बुडबुडे ते मी मोजायचे. आठवडाभर शहरातली वीज वरखाली व्हायची म्हणून आपण रविवारी काम करायचो. सकाळी आठला भट्टी चालू, अकराला तापमान जागेवर. घरून अक्का डबा पाठवायच्या, कळण्याची भाकर आणि ठेचा. आपण तिथेच, भट्टीच्या शेजारच्या टेबलावर बसून जेवायचो. हाताला ग्रीस लागलेलं असायचं, ते आपण बेंझिननं धुवायचो. तुम्हीही आणि मीही. चटकन निघायचं. त्याचा गोडसर वास मला आवडायचा, हे आज लिहिताना हात थांबतो.

दीड वर्ष आपल्याला फक्त काजळी मिळाली. लोखंडाचे कण ठेवलेली, होडीच्या आकाराची चिनी मातीची छोटी बोट नळीतून बाहेर ओढायची, आत डोकवायचं, काळा भुगा. तुम्ही वहीत लिहायचात, 'काजळी.' पुढच्या रविवारी पुन्हा 'काजळी.' एकदा नळीतली हवा पुरती निघायच्या आधीच तुम्ही हायड्रोजन सोडलात आणि फाट्कन बूच उडून छताला लागलं. धूर गेल्यावर बघते तर तुमची डावी मिशी अर्धी. घरी गेल्यावर अक्कांनी तुमच्याकडे नीट बघितलं आणि म्हणाल्या, "आते दुसरीबी काढी टाका." बायकोचं ते वाक्य तुम्ही स्वतःच सोमवारी सगळ्या स्टाफरूमला सांगितलंत.

त्यानंतर आपण नायट्रोजन शोधला. सिलिंडर धुळ्यात मिळेना. तुमच्या डोक्यात आलं की जनावरांच्या दवाखान्यात वळूचं बीज गोठवून ठेवायला द्रवरूप नायट्रोजन येतो. तुम्ही थर्मास घेऊन तिथे गेलात. डॉक्टरांना वाटलं तुमच्याकडे गाय आहे. तुम्ही त्यांना अर्धा तास कार्बनचा धागा समजावलात आणि ते शेवटी म्हणाले, "सर, मला काही कळलं नाही, पण घेऊन जा." तेव्हापासून आधी नायट्रोजननं हवा हाकलायची आणि मगच हायड्रोजन सोडायचा असं ठरलं.

आणि मग दिवाळीच्या सुटीतला तो रविवार. बोट बाहेर आली तेव्हा मी वही उघडून 'काजळी' लिहायला बसलेसुद्धा होते. तुम्ही काही बोललाच नाहीत. मी वर बघितलं. तुम्ही चिमट्यात काहीतरी धरलं होतं आणि चिमटा उजेडाकडे वळवत होतात. एका बाजूनं काहीच दिसत नव्हतं. जरा फिरवला की एक करडी, चमकदार रेघ. बोटभर लांब, सरळ. बोटीत तशा शंभर-दोनशे असतील, फरशीवर गवत उगवावं तशा.

"विजया," तुम्ही म्हणालात, "श्वास सोडू नकोस इकडे. उडून जाईल."

आपण दोघं श्वास धरून उभे होतो. तेवढ्यात मला हसू आलं आणि तीन-चार धागे उडालेच. तुम्ही गुडघ्यांवर बसून ते शोधत होतात. पन्नाशीला आलेला माणूस, टेबलाखाली, हातात टॉर्च. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात आनंदाचा दिवस होता. लग्नाचा दिवस दुसरा. हे मी अशोकलाही सांगितलंय.

आपलं भांडणही त्याच दिवशी सुरू झालं. धागा वाढतो कुठून? तुम्ही म्हणायचात, लोखंडाचा कण डोक्यावर बसून वर चढतो आणि त्याच्यामागे धागा लांबत जातो. मी म्हणायचे, नाही, कण खालीच बोटीला धरून असतो आणि धागा त्याच्यातून नखासारखा वर ढकलला जातो. मी नमुने घेऊन मुंबईच्या एका संस्थेत गेले, मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली फोटो काढून आणले. धाग्याच्या कापात झाडाच्या खोडासारखी वर्तुळं दिसली. दहा टोकांपैकी सहांवर कण दिसला, चारांवर नाही. तुम्ही सहा दाखवायचात, मी चार. स्टाफरूममधले लोक वैतागायचे. पण नाना, तसं भांडायला मला नंतर कुणी मिळालं नाही.

पुढच्या मे महिन्यात माझं लग्न झालं. जूनमध्ये कॉलेज उघडलं तेव्हा मी पेढे घेऊन आधी तुमच्याकडे आले. तुम्ही पेढा घेतलात आणि म्हणालात, "आता तू आत बसायचं नाही. बाहेर सोय केलीय."

भिंतीला भोक पाडून थर्मोकपलच्या तारा बाहेर व्हरांड्यात काढल्या होत्या. तिथे एक स्टूल, एक टेबल, मिलिव्होल्ट मोजायचं उपकरण, त्याच्या आकड्यावरून तापमान कळायचं.

"का?" मी विचारलं.

"खोली लहान आहे."

"दोन वर्षं पुरली की."

"तू तापमान बघ. मी आत बघतो. काम पटापट होईल."

मला वाटलं आठ-पंधरा दिवसांची गोष्ट असेल. दीड वर्ष गेलं. मी बाहेरून ओरडायचे, "त्रेचाळीस!" तुम्ही आतून ओरडायचात, "बरं!" डबा यायचा तो तुम्ही बाहेर आणून माझ्याबरोबर व्हरांड्यात खायचात, हात नळाखाली साबणानं धुऊन. मी हे सगळं बघत होते आणि त्यातलं काहीच मला दिसत नव्हतं. मला एवढंच दिसत होतं की लग्नाआधी चालत होते, लग्नानंतर चालत नाही. जाणारे-येणारे विचारायचे, "मॅडम, शिक्षा झाली का?" मी हसायचे. घरी आल्यावर हसायचे नाही.

मग ती समिती आली. पैसे मंजूर करायच्या आधी विद्यापीठातून तिघेजण काम बघायला आले होते. मी आदल्या दिवशी तुम्हाला म्हटलं, उद्याचा प्रयोग मी चालवते. तुम्ही म्हणालात, बघू. दुसऱ्या दिवशी मी पोचले तेव्हा तुम्ही आत होतात आणि दाराला आतून कडी होती. पाहुणे आले, दाराच्या काचेतून बघून, प्रश्न विचारून माझ्याकडे वळले. त्यातल्या एकानं विचारलं, "आणि मॅडमचं काम काय?"

तुम्ही दार किलकिलं करून म्हणालात, "मॅडम आकडे लिहितात."

पाहुणे गेल्यावर मी तिथेच, व्हरांड्यात, आवाज चढवून विचारलं. शिपाई ऐकत होता, मला पर्वा नव्हती.

"नाना, खरं सांगा. मी बाई आहे म्हणून ना?"

तुम्ही बराच वेळ हातातल्या फडक्याला हात पुसत राहिलात. मग म्हणालात, "हो. बाई आहेस म्हणूनच."

मी वही टेबलावर ठेवली आणि निघाले. पुढच्या वर्षी जळगावच्या कॉलेजात जागा निघाली, मी अर्ज केला आणि गेले. निरोपाला तुम्ही आला नाहीत. मी तुम्हाला बोलावलंच नव्हतं.

केतकी झाली तेव्हा तुमचं पोस्टकार्ड आलं. "मुलगी झाल्याचं समजलं, आनंद झाला. तुझं आणि बाळाचं रक्त तपासून घे. हिमोग्लोबिन किती ते कळव." बस एवढंच. अशोक म्हणाला, "तुझे नाना आकड्याशिवाय आशीर्वादही देत नाहीत." मी कार्ड ड्रॉवरमध्ये टाकलं. उत्तर दिलं नाही. त्या उत्तराची तुम्ही किती दिवस वाट बघितली असेल, नाना?

गेल्या वर्षी पावसाळ्यानंतर कुणीतरी सांगितलं, नाना आजारी आहेत. हिरड्यांतून रक्त येतं, चार पायऱ्या चढले की बसतात. मुंबईला नेलं होतं, हाडातला मगज तपासला, रक्त तयारच होत नाही म्हणाले. बाटल्या चढवून परत आणलं. मी एरंडोल-पारोळा मार्गे धुळ्याला आले. बस भर दुपारी पोचली. तुमच्या दारात उभी राहिले आणि अक्का म्हणाल्या, "येय व माय." जशी काही मी मागच्याच रविवारी येऊन गेले होते.

तुम्ही खाटेवर होतात. इतके पांढरे की मी आधी भिंतीकडे बघितलं. तुम्ही मला बघितलंत आणि पहिलं वाक्य काय बोललात आठवतं? "चार टोकांवर कण नव्हता, कारण ती टोकं तू चिमट्यानं तोडली होतीस."

मी म्हटलं, "मी चिमटा लावलाच नव्हता. चिकटपट्टीनं उचलले होते."

"मग चिकटपट्टीनं ओढले गेले."

"मग सहांवरचे कसे राहिले?"

तुम्ही हसलात आणि खोकला आला. अक्कांनी मला डोळ्यांनी आत बोलावलं. मला वाटलं, तुम्हाला जास्त बोलायला लावू नको असं सांगायला बोलावतायत. चुलीपाशी त्या उभ्या होत्या. मी म्हटलं, "अक्का, पाच वर्षं आले नाही, चुकलं माझं. पण त्यांनी मला त्या खोलीतून काढलं, ते मला लागलं होतं."

अक्का माझ्याकडे वळल्या. "तुले सांगंच नही का त्यासनी?"

मग त्यांनी सांगितलं. माझं लग्न झालं त्या मे महिन्यात तुम्ही पुण्याला गेला होतात, लायब्ररीत. तिथे काहीतरी वाचलंत. घरी आल्यावर दोन दिवस धड जेवला नाहीत. अक्कांनी खनपटीला बसून विचारलं तेव्हा म्हणालात, ते जे आम्ही वापरतो त्याची वाफ माणसाच्या रक्तात जाते आणि रक्त बिघडवते. "मंग म्हनेत, त्या पोरले आते मझार येऊ देवानं नही. तिले आजून लेकरं व्हवाना शेतस." त्या पोरीला आता आत येऊ द्यायचं नाही, तिला अजून मुलंबाळं व्हायची आहेत.

मी चुलीपाशीच खाली बसले. अक्कांनी पाण्याचा तांब्या पुढे केला.

तुमच्याकडे परत आले तेव्हा तुम्ही माझ्या चेहऱ्याकडे बघून ओळखलंत. "सांगितलं का तिनं?"

"हो."

तुम्ही डोळे मिटून घेतलेत.

"मला का नाही सांगितलंत, नाना?"

"तू काम बंद केलं असतंस."

"केलंच असतं. तुमचंही बंद केलं असतं."

"म्हणून."

"निदान खिडकी तरी उघडायची होती."

"वाऱ्यानं धागा नीट धरत नव्हता." मग म्हणालात, "दोनदा उघडून बघितली. दोन्ही वेळा काजळी."

मला काय वाटलं ते सांगू? तुमच्या पायांवर डोकं ठेवावं असं वाटलं, आणि तुम्हाला गदागदा हलवावं असंही वाटलं. तुम्ही मला वाचवलंत हे खरं. पण मला विचारून नाही. मी फिजिक्स शिकवणारी बाई, मला एक पान वाचायला दिलं असतंत तर कळलं असतं. मी नळीचा शेवट पाइपानं छपरावर नेला असता, बेंझिनऐवजी दुसरं काही शोधलं असतं, बाहेर बसून दोघांनी आकडे लिहिले असते. कदाचित धागा मिळायला आणखी दोन वर्षं लागली असती. तुम्ही तेवढं थांबायला तयार नव्हतात. माझ्या जिवाची काळजी केलीत आणि स्वतःचा जीव प्रयोगाच्या सामानात धरलात. असं करायचा तुम्हाला अधिकार होता का, हे मला अजून कळत नाही. मी रोज वेगळं उत्तर देते.

हेही सांगायला हवं की जळगावच्या माझ्या ओळखीच्या डॉक्टरांना मी विचारलं. ते म्हणाले, "असा आजार कधीही बेंझिनला हात न लावलेल्या माणसालाही होतो. एका माणसाच्या आजाराचं बोट एका बाटलीकडे दाखवता येत नाही." तुम्हाला हे उत्तर आवडलं असतं. तुम्ही म्हणाला असतात, बरोबर, पुरावा अपुरा आहे. पण माझ्या मनाला ते पुरत नाही, आणि तुमच्याही मनाला पुरलं नसावं. नाहीतर केतकीच्या वेळी ते पोस्टकार्ड आलं नसतं.

त्या दिवशी मी तुम्हाला एवढंच म्हटलं, "येते मी नाना, पाचची गाडी आहे." तुम्ही म्हणालात, "ये." मला म्हणायचं होतं की त्या व्हरांड्यातलं दीड वर्ष मी उगाच तुमचा दुस्वास केला. म्हणायचं होतं की केतकी चार वर्षांची आहे, ठणठणीत आहे, दिवसभर घर डोक्यावर घेते. म्हणायचं होतं की माझ्या वाटणीची वाफ तुम्ही ओढलीत, हे मी कुणाला कसं सांगू? पुन्हा येईन तेव्हा म्हणू, असं ठरवून निघाले. पारोळ्याला बस थांबली तेव्हा वाटलं, उतरावं आणि परत जावं. उतरले नाही. चार महिन्यांनी फोन आला.

आता माझं काय चाललंय ते सांगते. या सत्रापासून मी माझ्या कॉलेजात एम.एस्सी.च्या मुलामुलींबरोबर हेच काम सुरू केलंय. पहिल्या तासाला मी भट्टी दाखवत नाही. आधी बेंझिनबद्दलचं एक पान वाचायला देते, मोठ्यानं वाचून घेते, आणि सांगते, हे वाचून ज्याला नको वाटेल त्यानं उठून जावं, मला काही वाटणार नाही. दोघं गेली. पाच राहिली, त्यात तीन मुली. बेंझिन आम्ही सोडलंय, टर्पेंटाइन वापरून बघतोय, आणि तेही पंख्याखाली, नळी बाहेर काढून. अजून काजळीच मिळतेय. मुलं कंटाळतात. मी त्यांना तुमच्या दीड वर्षाबद्दल सांगते. मिशीबद्दलही सांगते.

काल तेराव्याची माणसं जेवून गेल्यावर अक्का ओसरीवर एकट्या बसल्या होत्या. मी निघायची तयारी करत होते. त्या म्हणाल्या, "विजया, त्या खोलीमा काय व्हतं व? मी कधी देखंच नही."

नाना, इतक्या वर्षांत तुम्ही त्यांना एकदाही दाखवलं नाहीत?

मी रिक्षा करून कॉलेजात गेले. विभागाच्या कपाटातून धाग्यांची एक काचपट्टी आणि वर्गात वापरतो तो साधा सूक्ष्मदर्शक घेऊन आले. ओसरीच्या कडेला, जिथे ऊन येत होतं तिथे पाट टाकला, त्यावर सूक्ष्मदर्शक ठेवला आणि आरशावर उजेड घेतला. अक्कांना एक डोळा मिटून बघायला जमेना. मग मी त्यांच्या डाव्या डोळ्यावर हात धरला.

त्यांनी बघितलं आणि मान वर केली. "इतलंच?"

मी आरशावरचा उजेड जुळवला.

"येनासाठे?" त्यांनी विचारलं. ह्याच्यासाठी?

"हो, अक्का."

त्या पुन्हा वाकल्या. या वेळी डोळा स्वतःच मिटला. पदर सावरून त्या तशाच बसून राहिल्या. बाहेरून कुणीतरी हाक मारली, त्यांनी ओ दिली नाही. ऊन सरकलं तसा मी आरसा फिरवत राहिले.

बऱ्याच वेळानं, डोळा न काढता त्या म्हणाल्या, "एकदम सरळ शे." आणि मग म्हणाल्या, "आजून एक दखाड."

मी काचपट्टी जराशी पुढे सरकवली.